हातचें न राखितां

मांजर ही वाघाची मावशी, ही गोष्ट ज्याच्या कानीं पडली नाहीं असें मूल महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. मावशीनें भाच्यास दबा धरणें, झडप घालणें, पंजा मारणें या सर्व विद्या शिकविल्या; झाडावर चढण्याची विद्या तेवढी हातची राखून ठेविली. पुढें भाचा मावशीवरच उलटला, तेव्हां ती सरसर झाडावर चढून बसली आणि वाघ खालीं पाहत राहिला. लहानपणीं आम्हांस मावशीच्या या धूर्तपणाचें मोठें कौतुक वाटे. वयोमानानें गोष्टीची दुसरी बाजू दिसूं लागली. ज्या समाजांतील प्रत्येक गुरु एकेक विद्या हातची राखतो, त्या समाजांतील विद्या पिढीगणिक एकेक पायरी खालीं उतरते, हा त्या गोष्टीचा न सांगितलेला उत्तरार्ध होय. ‘गुरुकिल्ली’ हा आपल्या भाषेंतील शब्दच याची साक्ष देतो. शिष्यास सर्व घर दाखवावें, किल्ली मात्र आपल्याच कमरेस असावी!

आज आम्ही ज्या विद्येच्या अध्यापनाचा इतिहास वाचकांपुढें ठेवणार आहों, ती रसायन अभियांत्रिकी. विषयाचें नांव ऐकून कित्येकांस वाटेल कीं, नळ, टाक्या आणि धुराडीं यांच्याशीं साहित्यप्रेमी वाचकांस काय कर्तव्य? परंतु या विद्येचा जन्मच मुळीं कमरेची किल्ली काढून चारचौघांत ठेवण्यांत झाला आहे. म्हणून ज्या घरांत मुलें शिकतात, आणि ज्या घरांत कोणी शिकवितो, त्या प्रत्येक घराशीं तिचा संबंध पोंचतो, असें आम्हांस वाटतें.

एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडमध्यें साबण, कांच आणि कापड या तिन्ही धंद्यांस सोडा लागे. तो लेब्लांक याच्या पद्धतीनें करीत. मिठावर गंधकाम्ल ओतलें म्हणजे या कृतीचा आरंभ होई, आणि त्याच वेळीं हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायु धुराड्यांतून बाहेर पडे. त्यानें आसपासचीं झाडें व शेतें करपून जात. अखेर लोकांच्या तक्रारींस मान देऊन पार्लमेंटनें १८६३ सालीं कायदा केला कीं, या वायूपैकीं शेंकडा ९५ भाग कारखान्यांतच अडविला पाहिजे. उपाय ठाऊक होता. कोकच्या तुकड्यांनीं भरलेल्या उंच मनोऱ्यांत वरून पाणी सोडावयाचें व खालून वायु. वर चढतां चढतां वायु पाण्यांत शोषिला जातो. कायदा पाळला जातो कीं नाहीं हें पाहण्यास निरीक्षक नेमले गेले. त्यांतच पुढें जॉर्ज एडवर्ड डेव्हिस या गृहस्थांनीं कांहीं काळ काम केलें.

त्या काळचा कारखानदार आपली कृति जिवापाड जपे. ती बापाकडून मुलाकडे, मुकादमाकडून त्याच्या पुतण्याकडे जाई. परक्यास दाराच्या आंत प्रवेश नसे. निरीक्षकास मात्र प्रत्येक दार उघडावें लागे. डेव्हिस एका दारांतून दुसऱ्या दारांत जात राहिले आणि त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली. प्रत्येक मालक आपली कृति जगावेगळी मानीत होता. परंतु आंत पाहावें तों सर्वत्र तींच तीं कामें चाललेलीं! कोणी तापवितो, कोणी आटवितो, कोणी गाळतो, कोणी वाळवितो, कोणी वाफ करून पुन्हां थंड करितो, कोणी वायु पाण्यांत जिरवितो. माल निराळा, नांवें निराळीं; क्रिया त्याच. ऊस गाळून गूळ करणारा, खाजणांत मीठ पिकविणारा आणि कनोजचा अत्तर काढणारा यांनीं एकमेकांचें तोंडही पाहिलेलें नसतें. परंतु आटविण्याचा नियम गुऱ्हाळांत एक आणि मिठागरांत दुसरा, असें निसर्गानें केलेलें नाहीं.

इ. स. १८८७ मध्यें डेव्हिस यांनीं मँचेस्टरच्या तांत्रिक विद्यालयांत बारा व्याख्यानें देऊन हा विचार विद्यार्थ्यांपुढें मांडला. पुढें १९०१ सालीं त्यांचा रसायन अभियांत्रिकीवरील ग्रंथ निघाला. येथें एक गोष्ट वाचकांनीं लक्षांत घ्यावी. डेव्हिस यांनीं केलेलें काम चहाडीचें नव्हतें. अमक्या मालकाची अमुक कृति काय, हें उघडें करण्याचें त्यांस कारणच नव्हतें. जें एका घराचें होतें तें त्या घरींच राहिलें. जें सर्वांचें होतें, परंतु प्रत्येकजण आपलें म्हणून लपवीत होता, तेवढें त्यांनीं बाहेर आणिलें. विद्या आणि गुपित यांतील हा भेद ज्यास कळला, त्यास शिकविण्याचें निम्मे कोडें सुटलें असें समजावें.

आतां हें नवें शास्त्र शिकवावयाचें तें काय? त्याचा पहिला पाठ कोणत्याही दुकानदारास समजेल असा आहे: जमाखर्च. कारखान्यांत जितका माल गेला तितका बाहेर आला पाहिजे, नाहीं तर आंत शिल्लक दिसला पाहिजे. शंभर शेर आंत गेले आणि नव्वद बाहेर आले, तर दहा शेर कोठें तरी असलेच पाहिजेत. भिंतीवर, नळांत, हवेंत अथवा शेजारच्या विहिरींत. उष्णतेचाही असाच हिशेब. रोजमेळ जुळल्यावांचून ज्यास झोंप येत नाहीं असा जुन्या पेढीवरचा मुनीम या वर्गांत पहिला आला असता.

दुसरा पाठ अधिक अवघड. प्रयोगशाळेंतील चंबूंत जें सुरळीत होतें तें मोठ्या टाकींत तसेंच होईल, असा नवख्याचा समज असतो. चौघांच्या स्वयंपाकाच्या मापानें पांचशें पानांची पंगत उठविणाऱ्या सुनेची जी गत होते, तीच त्याची होते. भांडें तिन्ही बाजूंनीं दसपट केलें म्हणजे त्यांतील माल हजारपट होतो, परंतु त्याचा पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. उष्णता निर्माण होते ती मालांत. बाहेर जाते ती पृष्ठभागांतून. म्हणजे मालाच्या मानानें उष्णतेस बाहेर पडण्याची वाट एकदशांश उरली. चंबूंत जी क्रिया हातास कोमट लागत होती, ती टाकींत आपल्याच उष्णतेनें तापते. तापली म्हणजे वेग घेते. वेग घेतला म्हणजे आणखी तापते. हें गणित फळ्यावर चार ओळींचें आहे. परंतु तें ज्यास समजलें नाहीं त्याच्या हातीं कारखाना देणें म्हणजे काय, हें पुढें ओघानें येईलच.

मँचेस्टरच्या व्याख्यानांनंतर वर्षभरांतच, १८८८ सालीं, अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षणसंस्थेंत लुइस नॉर्टन या प्राध्यापकांनीं या विषयाचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. नॉर्टन १८९३ सालीं अकालीं वारले. परंतु लावलेलें रोप जगलें. १९१५ सालीं आर्थर लिट्ल यांनीं डेव्हिसच्या त्या समान क्रियांस ‘युनिट ऑपरेशन’ हें नांव दिलें. लगेच दुसऱ्या वर्षीं कोडॅक कॅमेऱ्यांच्या ईस्टमन यांच्या द्रव्यसाहाय्यानें तेथें एक अभिनव शाळा निघाली. तिचे वर्ग कारखान्यांतच भरत. विद्यार्थी तेथें जाऊन राहत, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे शिक्षकही. कारखानदारांनीं विद्यार्थ्यांस आंत घेतलें, हीच केवढी क्रांति! ज्या दारांतून पूर्वी सरकारी निरीक्षकाचाच काय तो प्रवेश होई, त्याच दारांतून आतां वीस-बावीस वर्षांचीं मुलें वही-पेन्सिल घेऊन जाऊं लागलीं.

याच संस्थेंत वॉरन लुईस हे गुरु झाले. वॉकर व मॅक्अॅडम्स या सहकाऱ्यांसह त्यांनीं लिहिलेला, या शास्त्राच्या मूलतत्त्वांवरील १९२३ सालचा ग्रंथ पुढें अनेक पिढ्यांच्या हातीं राहिला. परंतु विद्यार्थ्यांच्या स्मरणांत राहिली ती त्यांची शिकविण्याची रीत. ते वर्गांत प्रश्न टाकीत, आणि मुद्दाम चुकीची बाजू घेऊन ती हिरिरीनें लढवीत. वर पैजही लावीत! गुरुजी म्हणतात म्हणून ज्यानें मान डोलाविली तो हरला. जो उभा राहून कारणें देई तो जिंकला. त्यांच्या जुन्या शिष्यांनीं १९५३ सालीं त्यांच्या आठवणींचें एक पुस्तक काढलें, त्यास नांवही त्यांच्या पैजेच्या बोलावरूनच दिलें.

येथें कोणी चाणाक्ष वाचक आम्हांस अडवील. तो म्हणेल, “लुईस यांनीं उत्तर राखून ठेविलें, मग मांजरीनें तरी दुसरें काय केलें?” आक्षेप मार्मिक आहे, परंतु खरा नाहीं. मांजरीनें विद्या राखली. लुईस यांनीं उत्तर राखलें, तेंही विद्या पुरी पोंचावी म्हणून. एकीस शिष्य आपल्याहून उंच चढूं नये अशी इच्छा, तर दुसऱ्यास तो आपल्या आधारावांचून चढावा अशी तळमळ. आईनें बोट सोडणें आणि वाटेंत टाकून जाणें यांत जें अंतर, तेंच येथें आहे. जो शिक्षक प्रत्येक उदाहरण स्वतःच सोडवून दाखवितो तो उदार दिसतो खरा. परंतु परीक्षेनंतर त्याचा विद्यार्थी रिकाम्या हातानें कारखान्याच्या दारांत उभा राहतो.

आमच्या देशांत ही किल्ली कशी आली? आमच्या जुन्या रसग्रंथांत पाऱ्याच्या संस्कारांची सूक्ष्म वर्णनें आहेत, आणि त्याबरोबर विद्या गुप्त राखण्याची आज्ञाही आहे. ती आज्ञा आम्हीं फार निष्ठेनें पाळली! तिला छेद देणाऱ्यांत बडोद्याच्या त्रिभुवनदास गज्जर यांचें नांव आदरानें घेतलें पाहिजे. सुरतेच्या या रसायनज्ञानें सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें १८९० सालीं कलाभवन उभें केलें, आणि रंगकाम व रसायन हे विषय सामान्य मुलांच्या आटोक्यांत आणिले. चित्रपटमहर्षि दादासाहेब फाळके हेही याच कलाभवनाचे विद्यार्थी. १८९६ सालीं चापेकर बंधूंनीं मुंबईंतील राणीच्या पुतळ्यास डांबर फांसलें. तो संगमरवर पूर्ववत् करण्याचें काम पुढें गज्जर यांनींच केलें, ही हकीकत पुष्कळांस ठाऊक असते. परंतु त्यांचें खरें स्मारक निराळें आहे. १९०७ सालीं बडोद्यास अॅलेंबिक हा रासायनिक कारखाना निघाला, तो गज्जर, त्यांचे शिष्य कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनीं मिळून काढलेला. गुरु आणि शिष्य एका कारखान्याचे भागीदार झाले! मावशीच्या गोष्टीस याहून चांगलें उत्तर आम्हांस तरी सुचत नाहीं.

बंगालमध्यें वंगभंगाच्या चळवळींतून राष्ट्रीय शिक्षणाची जी संस्था निघाली, तिच्या जादवपूरच्या विद्यालयांत १९२१ सालीं रसायन अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम सुरू झाला. हिरालाल रॉय हे त्याचे आद्य आचार्य. १९४७ सालीं या शास्त्राची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली तीही त्यांच्याच पुढाकारानें. मुंबईंत सर विठ्ठल चंदावरकर कुलगुरु असतांना, १९३३ च्या ऑक्टोबरांत, विद्यापीठानें रसायन तंत्रशास्त्राचा स्वतंत्र विभाग उघडला. गिरण्यांच्या या शहरास रंगविण्याची आणि धुण्याची विद्या हवी होती. म्हणून वस्त्ररसायन आणि रसायन अभियांत्रिकी हे दोन विषय आरंभींच घेतले. विभागाचे पहिले प्रमुख प्रा. फॉर्स्टर, १९३८ सालीं त्यांच्या जागीं के. वेंकटरामन आले. वेंकटरामन यांनीं रंगद्रव्यांचा अभ्यास मँचेस्टरला केलेला. ज्या गांवीं डेव्हिस यांनीं पहिली व्याख्यानें दिलीं, त्याच गांवचा एक स्नातक माटुंग्यास मुंबईच्या मुलांस शिकवूं लागला, हा योगायोग आम्हांस गोड वाटतो.

माटुंग्याच्या या विभागांत १९५४ च्या सुमारास जोधपूरकडचा मनमोहन शर्मा नांवाचा एक मुलगा शिकावयास आला. १९५८ सालीं तो पदवीधर झाला आणि पुढें केंब्रिजला डँकवर्ट्स या आचार्यांच्या हाताखालीं त्यानें संशोधन केलें. हे डँकवर्ट्स युद्धकाळांत न फुटलेले सुरुंग निकामी करीत, आणि त्या शौर्याबद्दल त्यांस जॉर्ज क्रॉस मिळाला होता. शर्मा यांचा विषय, वायु द्रवांत शोषिला जाण्याची क्रिया. म्हणजे ज्या कोकच्या मनोऱ्यापासून आमच्या कथेचा आरंभ झाला, तीच. १९६४ सालीं, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षीं, ते आपल्याच माटुंग्यांत प्राध्यापक होऊन परत आले. विदेशांत राहून नांव मिळविणें त्यांस अवघड नव्हतें. त्यांनीं फळा आणि खडू पत्करला. १९९० सालीं रॉयल सोसायटीनें त्यांस सभासद करून घेतलें तें माटुंग्यांत केलेल्या कामाबद्दल.

शर्मा परतले त्या वेळीं पदवीच्या वर्गांत रघुनाथ मशेलकर नांवाचा एक विद्यार्थी होता. गोव्यांतील माशेल या गांवीं जन्मलेला, बालपणींच पितृछत्र हरपलेला, गिरगांवांत आईच्या कष्टांवर वाढलेला. शाळेंत भावे सरांनीं त्यास भिंगानें सूर्यकिरण एका बिंदूंत आणून कागद पेटवून दाखविला, आणि आपली शक्ति अशीच एकवटली तर काय होईल हें सांगितलें. ही आठवण डॉ. मशेलकर यांनीं अनेकवार जाहीरपणें सांगितली आहे. १९६६ सालीं पदवी घेतल्यावर ते शर्मा यांचेच शिष्य झाले, १९६९ सालीं डॉक्टर झाले, आणि पुढें देशांतील वैज्ञानिक संशोधन परिषदेचे महासंचालक. पांच-दहा मिनिटांचा एक प्रयोग शाळेच्या आवारांत, आणि त्यानंतर वर्षानुवर्षें पाठीशीं उभा असलेला एक प्राध्यापक; या दोन देण्यांचें मोल कोणत्या तराजूंत करावें?

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, हातचें न राखणें हा केवळ मनाच्या मोठेपणाचा प्रश्न आहे. तसें नाहीं, या विद्येंत तो प्राणांचा प्रश्न आहे. १९७४ च्या जून महिन्यांत इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथें एका कारखान्याचा स्फोट होऊन २८ माणसें मेलीं. एक पात्र नादुरुस्त झालें म्हणून तें काढून मधली जागा तात्पुरत्या नळानें जोडली होती, आणि त्या नळाचा आराखडा कर्मशाळेच्या जमिनीवर खडूनें काढला होता. ताणाचें पुरतें गणित कोणीं केलेंच नव्हतें. दहा वर्षांनीं, १९८४ च्या डिसेंबरांत, भोपाळची काळरात्र झाली. साठविलेल्या विषारी द्रवांत पाणी शिरलें, टाकी आपल्याच उष्णतेनें तापली, आणि सुमारें ४० टन वायु निजलेल्या शहरावर पसरला. टाकी थंड राखणारें यंत्र बंद, वायु धुऊन घेणारा मनोरा कामास अपुरा, वायु जाळणारी ज्योत जोडणीवांचून! जमाखर्च, पृष्ठभाग, शोषण. पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे सर्व पाठ त्या एका रात्रीं हजारों निरपराध जिवांच्या मोलानें पुन्हां वाचले गेले.

अशा प्रसंगीं कारखान्यांची पहिली वृत्ति झांकण्याची असते. तिच्याविरुद्ध ट्रेव्हर क्लेट्झ या इंग्रज रसायनज्ञानें उभा जन्म घालविला. एका मोठ्या कंपनींत सुरक्षेचे सल्लागार असतांना ते आपल्या कारखान्यांतील लहानमोठ्या अपघातांचीं पत्रकें काढून वांटीत. निवृत्तीनंतर विद्यापीठांत तेंच शिकवीत. घातक माल जितका साठवाल तितका तो सुटेल. जो साठविलाच नाहीं तो सुटणार कोठून, हें त्यांचें म्हणणें १९७८ सालीं छापलें गेलें, भोपाळच्या सहा वर्षें आधीं. डेव्हिस यांनीं यशाचीं दारें उघडलीं होतीं; क्लेट्झ यांनीं अपयशाचीं उघडलीं. आमच्या मतें दुसरें काम अधिक अवघड. आपली युक्ति सांगण्यास औदार्य पुरतें; आपली चूक सांगण्यास त्याहून मोठें बळ लागतें.

आज रसायन अभियांत्रिकीचीं पुस्तकें कोणासही मिळतात. हवें तें सूत्र क्षणांत डोळ्यांपुढें येतें. गणकयंत्र उदाहरणें सोडवून देतें. तेव्हां शिक्षकापाशीं किल्ली म्हणून उरलेंच काय, असा प्रश्न साहजिक आहे. आम्हांस वाटतें, उरली आहे ती नेमकी हीच: आपण स्वतः कोठें चुकलों, कोणता अंदाज फसला, कोणत्या नळाकडे पाहून आपल्यास शंका आली आणि आपण गप्प राहिलों. हें कोणत्याही सूत्रांत लिहिलेलें नसतें. तें एका माणसानें दुसऱ्या माणसास, प्रयोगशाळेंत शेजारीं उभें राहून, संध्याकाळीं वर्ग सुटल्यावर सांगावें लागतें. ज्या विद्यार्थ्यास असा शिक्षक लाभला तो उद्यां रात्रपाळीस एकटा असतांना, वरिष्ठ रागावतील हें ठाऊक असूनही, यंत्र थांबविण्याचा हुकूम देईल. त्याच्या त्या एका शब्दावर भिंतीपलीकडच्या वस्तीची झोंप अवलंबून असते.

मावशीच्या गोष्टींतला वाघ अजून झाडाखालींच उभा आहे. आम्हीं शिकविलेलें मूल पुढें आमच्यावर उलटेल, आमची जागा घेईल, आम्हांस मागें टाकील, ही भीति प्रत्येक गुरूच्या मनांत कधीं ना कधीं डोकावतेच. मँचेस्टरचे डेव्हिस, बडोद्याचे गज्जर आणि माटुंग्याचे शर्मा यांनीं त्या भीतीस भीक घातली नाहीं. वाघास झाडावर चढतां येऊं लागलें. आणि त्यांस मावशीचा आसरा शोधावा लागला, असें इतिहासांत कोठें नमूद नाहीं.